वारा नसताना फिरणारं चाक

“त्या बाईच्या घराला दार आहे, तिला तोंड आहे. मग तिची खुशाली चाकाला कशाला विचारता?”

एर्मिओनीची आई हे बोलली तेव्हा एर्मिओनीची तान्ही मिर्तो पाळण्यात होती. आई बाळंतपणासाठी व्होलोसहून बोटीने आली होती. आपली लेक रोज सकाळी ओट्यावर उभी राहते, घळीपलीकडे बघते, समाधानाने मान हलवते आणि आत येते, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं. एर्मिओनी हसली होती. “अगं आई, इथे असंच बघतात,” म्हणाली होती, आणि लंगोट वाळत घालायला वळली होती.

आणि खरंच तसंच बघत. व्रिसाकी म्हणजे ग्रीसमधल्या एका बेटाच्या डोंगराला चिकटलेली जेमतेम वीस घरांची वाडी. सरकारी वीज खालच्या बंदरापर्यंत आली आणि चढण बघून तिथेच थांबली. म्हणून वाडीतल्या पुरुषांनी एका हिवाळ्यात स्वतःच पवनचक्क्या बनवल्या, छोट्या, घरटी एक. बंदरातली व्यायामशाळा बंद पडली होती, तिथल्या धावपट्ट्यांच्या मोटारी आणल्या, लाकडाची पाती तासली, खाली बॅटऱ्या मांडल्या. “त्या पट्ट्यांवर बंदरातला एक माणूस कधी धावला नाही,” कॉफीवाला स्ताथिस म्हणायचा, “आता निदान वारा तरी धावतोय.”

या चक्कीला वाडीत सगळे चाक म्हणत. रात्री झोपताना चाक दोरीने बांधायचं, म्हणजे घरघर होत नाही. सकाळी उठलं की सोडायचं. त्यामुळे चाक सुटलं की ते घर जागं झालं, हे समोरच्याला कळायचं. घळीपलीकडे एकटी राहणारी ग्लिकेरिया आत्या, म्हणजे एर्मिओनीच्या नवऱ्याची आत्या, हिची खबर सगळी वाडी अशीच घेई. तिचं चाक फिरतंय? मग आत्या उठली, चूल पेटली, कोंबड्यांना शिव्या देऊन झाल्या.

वारा पडला की मात्र अडचण व्हायची. शांत हवेत चाक सुटलेलं असो की बांधलेलं, सारखंच. मग कोणीतरी कुरकुरत घळ उतरायचं, पलीकडे चढायचं, आत्याच्या दारावर थाप मारायचं आणि चीज नाहीतर बोलणी खाऊन परत यायचं.

चमत्कार झाला आणि ही पायपीट बंद झाली.

*

मिर्तो चार वर्षांची झाली तेव्हाचा ऑक्टोबर होता. उत्तरेचा वारा उन्हाळाभर पत्रे उचकटून दमला होता आणि एका सकाळी जो पडला तो उठेचना. समुद्र तेल ओतल्यासारखा पसरला होता. स्ताथिसच्या कॉफीच्या अंगणात सिगरेटींचा धूर सरळ वर जात होता, आणि त्या धुराच्या वर, खांबाच्या टोकाला, स्ताथिसचं चाक फिरत होतं.

अख्खी वाडी माना वर करून उभी होती. म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढत होत्या. कोणीतरी बोट ओलं करून हवेत धरलं. “नाही बुवा, काही लागत नाही,” म्हणाला आणि ते बोट पुसायलाही विसरला.

“हवेत काय शोधता?” प्रोकोपिस मायेने म्हणाला. “वारा म्हणजे माउलीचा श्वास. आता मला सांगा, झोपलेल्या बाळाला आईचा श्वास दिसतो का? दिसत नाही. म्हणून आई श्वास घेत नाही का?”

या प्रोकोपिसचं वय पन्नाशीचं, शर्ट काळा, दाढी विंचरलेली आणि आवाज तुपातला. महिन्याभरापूर्वी तो आपल्या मोटरबोटीतून आला, तो कड्यांची चळत घेऊन. कडं म्हणजे वेताच्या सांगाड्यावर पातळ चकचकीत पत्रा ताणलेलं, पुढे निमुळतं आणि मागे भोंग्यासारखं पसरत गेलेलं. इतकं हलकं की एका हातात उचलावं. ते चाकाभोवती बसवायचं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला स्वप्नात वाऱ्याची माउली दिसली होती. वाडीच्या वरच्या देवळातल्या मरियमला इथे याच नावाने हाक मारतात. माउलीने आपल्या डोक्यामागचं तेजाचं वलय काढून त्याच्या हातात दिलं. “म्हणाली, प्रोकोपिस, हे गरिबांच्या चाकांना घाल. मी म्हणालो, माउली, मी पापी माणूस. ती म्हणाली, म्हणूनच तुला निवडलं, तुला सवड आहे.”

प्रत्येक कड्याला त्याने चाकाच्या आकाराचा नवसाचा छोटा पत्रा टांगला होता. लोक देवळात डोळ्याच्या नवसाला डोळ्याचा टांगतात, पायाच्या नवसाला पायाचा, तसाच. तो पैसे घेत नसे. पैशाचं नाव काढलं की कान झाकून घेई.

“एर्मिओनीबाईंना विचारा,” त्याने गर्दीत मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे हात केला. “पात्रा शहरातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकल्यात. बाई, पहिलं कडं बसवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? लोकांना पुन्हा सांगा.”

सगळ्या माना वळल्या. एर्मिओनीने मिर्तोला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

ती म्हणाली होती हे खरं. सप्टेंबरात मंद वारा होता तेव्हा स्ताथिसचं कड्याचं चाक बिनकड्याच्या चाकापेक्षा स्पष्ट जोरात फिरलं होतं, आणि तिला कॉलेजातलं सगळं आठवून उकळी फुटली होती. याच अंगणात खडूने आकृती काढून तिने समजावलं होतं. मागे रुंद होत जाणाऱ्या कड्यात हवा पसरते, चाकामागे दाब उतरतो, आणि समोरची हवा जास्त जोराने आत ओढली जाते. तेवढ्याच चाकातून जास्त वारा जातो. हे जगभर माहीत आहे, असंही ती म्हणाली होती. मूल झाल्यापासून ती काही म्हणतेय आणि माणसं ऐकतायत असं पहिल्यांदाच झालं होतं.

“कडं खरं आहे,” ती आता पुटपुटली. “पण वारा…”

“ऐकलंत?” प्रोकोपिस म्हणाला. “कडं खरं आहे.”

‘पण वारा’ कोणाच्याच कानापर्यंत गेलं नाही. तिनेही ते मोठ्याने पुन्हा म्हटलं नाही. वर, उंचावर, थोडी झुळूक असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मिर्तोला टोपी नव्हती आणि ऊन होतं, म्हणून ती घरी गेली.

*

मग एकेक घर करत सगळ्या चाकांना कडी बसली. खालच्या बॅटरीच्या पेटीत प्रोकोपिसने ‘माउलीच्या दिव्यातला कापूस’ ठेवला आणि झाकण मेणाने बंद केलं. “हे उघडलं की गेलं,” तो म्हणाला. काय गेलं ते कोणी विचारलं नाही.

शिवाय दोन अटी होत्या. पहिली, चाक बांधायचं नाही. “माउलीच्या चाकाला दोरी? बकरी आहे का ती?” असं म्हणत त्याने दोऱ्या स्वतःच्या हातांनी कापून टाकल्या. दुसरी अट जनरेटरची. प्रत्येक घरात अडीनडीला डिझेलचा एक जनरेटर होता. “आता तो ठेवणं म्हणजे माउलीच्या पाठीमागे दुसरी सोय बघून ठेवणं,” तो म्हणाला. “नवऱ्याला कसं वाटेल, बायकोने दुसरा बघून ठेवला तर?” हे जनरेटर तो आपल्या बोटीतून खोल समुद्रात नेऊन अर्पण करणार होता.

“माउलीला जनरेटर कशाला?” अन्थिमोस पाद्री कॉफीचा गाळ ढवळत म्हणाले. “स्वर्गात काय वीज जाते?”

“पाद्रीबुवा, तुमच्यासारख्यांनी शंका घेतली तर लोकांनी बघायचं कुणाकडे?”

“माझ्याकडे कोण बघतंय? सगळे खांबाकडे बघतायत. गुडघे कुरकुरतात म्हणून मी मान वर करत नाही, एवढंच.”

लोक हसले, आणि हसता हसता जनरेटर बोटीत चढवायला गेले.

एर्मिओनीने आपला दिला नाही. बिघडलाय म्हणून सांगितलं आणि शेळ्यांच्या गोठ्यात गवताखाली ढकलून दिला. नवरा याकुमिस महिनोन्महिने जहाजावर, घरात चार वर्षांची पोर. तिला रात्री पोरीच्या खोकल्याच्याही आधी जाग यायची. अशी बाई जनरेटर समुद्रात टाकत नाही. पण तिने तो लपवला, आणि का लपवला ते कोणाला सांगितलं नाही. शिकलेली माणसं असं खूपदा करतात. आपल्यापुरतं शहाणपण गवताखाली ठेवतात.

ग्लिकेरिया आत्याने मात्र आपला देऊन टाकला. “एर्मिओनी म्हणाली ना कडं खरं आहे?” ती प्रोकोपिसला म्हणाली. “मग घेऊन जा. तसाही त्याचा वास मला सोसत नाही. तुझा सोसतोय तेवढा पुरे.”

वारा काही उठला नाही. चाकं फिरत राहिली, रात्रंदिवस, हळूहळू, पण फिरत राहिली. आणि दिवे मंद होऊ लागले.

यावर प्रोकोपिसकडे औषध आधीच तयार होतं. “ज्या घरात दिवा मंद,” तो म्हणाला, “त्या घरात कोणीतरी मनातल्या मनात शंका घेतंय.”

या एका वाक्याने वाडीची तोंडं बंद झाली. सकाळी नळावर अशी बोलणी चालत:

“काल दिवे कसे होते तुमच्याकडे?”

“लख्ख. तुमच्याकडे?”

“डोळे दिपले.”

दोघी रात्रभर मेणबत्तीत बसलेल्या असत. दोघींच्या बाहीवर मेण सांडलेलं असे. पण आपलंच घर तेवढं अंधारात आहे आणि बाकी वाडी उजळून निघालीय, अशी प्रत्येकीची खात्री. एर्मिओनीकडचा फ्रिज बंद पडला. फोन चार्ज होईना. ती मिर्तोला म्हणाली, “आपण मेणबत्तीचा खेळ खेळू हं.” रोज सकाळी तरीही ती ओट्यावर उभी राही, घळीपलीकडे बघे. आत्याचं चाक फिरतंय. ती मान हलवून आत येई.

*

दुपारची वेळ होती. मिर्तो ओट्यावर साबणाचे फुगे काढत बसली होती. घर उतारावर असल्यामुळे खालच्या पडवीशेजारी रोवलेल्या खांबाचं चाक थेट वरच्या ओट्याच्या उंचीला यायचं. कठड्यापलीकडे हात लांब केला तरी पोचणार नाही, पण फुगा पोचेल इतकं जवळ. एर्मिओनी कठड्याशी उभी राहून शेंगा सोलत होती आणि एक डोळा पोरीवर ठेवून होती. कठडा तिच्या मते फार बुटका होता. तो याकुमिसने बांधल्या दिवसापासून तिच्या मते बुटका होता.

“आई, चाक फुगे खातंय.”

“खाऊ दे. तू मागे सरक.”

“हे बघ ना. तिकडचे खाली पडतात. इकडचे खातंय, आणि मागून थुंकतंय.”

एर्मिओनीने बघितलं. ओट्याच्या एका टोकाला मिर्तोने फुंकलेले फुगे हवेत लोंबत होते, जागच्या जागी, आणि मग जड होऊन सरळ खाली बसत होते. दुसऱ्या टोकाला, चाकाच्या समोर गेलेले फुगे मात्र एकदम घाईला येत. कड्याच्या तोंडात ओढले जात, पात्यांतून काही फुटत, आणि उरलेले मागून झपकन बाहेर पडत. थोडं लांब गेले की पुन्हा निवांत लोंबत.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

वाऱ्यामुळे चाक फिरत असेल तर सगळ्याच फुग्यांना वारा लागायला हवा. हवा आधी हलते, मग चाक हलतं. इथे हवा स्तब्ध होती, आणि हलत होती ती फक्त चाकापाशी. म्हणजे हवा चाकाला फिरवत नव्हती. चाक हवेला फिरवत होतं.

“पंखा,” ती म्हणाली.

“पंखा,” मिर्तोने दुजोरा दिला आणि पुन्हा फुंकली.

धावपट्टीची मोटार. फिरवली तर वीज देते, आणि वीज दिली तर फिरते. बॅटरीतली वीज उलटी मोटारीत जात होती. ज्या विजेवर दिवे लागायचे, ती हे चाक दिवसरात्र पीत होतं. बॅटरी अर्धी रिकामी झाली की घरातली यंत्रणा बॅटरी वाचवायला दिवे आणि फ्रिज बंद करायची. पण चाक थेट बॅटरीला जोडलेलं. ते उरलीसुरली वीजही गटकत राहायचं. म्हणून घरात काळोख आणि खांबावर चमत्कार.

तिला या उलगड्याचा आनंद व्हायला फक्त क्षणभर मिळाला. कारण मान आपोआप घळीकडे वळली. पलीकडे आत्याचं चाक फिरत होतं. आणि आता ते फिरणं तिला काहीच सांगत नव्हतं. आत्या उठली की नाही, जेवली की नाही, आहे की नाही. दोरी कापलेली होती. ते फिरतच राहणार होतं, आत कोणी असो वा नसो.

ती मिर्तोला उचलून धावत स्ताथिसच्या अंगणात आली.

“स्ताथिसकाका, आत्याला शेवटचं कोणी बघितलं?”

“आत्या? ठीक आहे की. चाक फिरतंय.”

“चाक नाही विचारत मी. आत्या. तिला कोणी बघितलं?”

स्ताथिस बायकांकडे वळला. पाद्रीबुवांनी पेला खाली ठेवला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“शनिवारी मी कांदे…” एक म्हणाली, “नाही, तो आधीचा शनिवार.”

“वारा पडल्यावर कोणीतरी जातंच ना पलीकडे?”

“जातं. पण यंदा कशाला जायचं? चाक फिरतंय की.”

मिर्तोला पाद्रीबुवांच्या मांडीवर टाकून एर्मिओनी घळीच्या वाटेला लागली. मागून स्ताथिसची धाप ऐकू येत होती. तो पंचवीस वर्षांत या वाटेने धावला नव्हता.

*

आत्या टाकीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी सापडली. दिवा लागेना म्हणून अंधारात चाचपडत पाणी आणायला उतरली होती, आदल्या संध्याकाळी. खालची पायरी चुकली आणि कमरेचं हाड गेलं. फोन वर टेबलावर, तोही बंद पडलेला. हाताशी आलेलं रिकामं पोतं तिने अंगावर ओढून घेतलं होतं. ओठ सुकून पांढरे झाले होते. एर्मिओनीने मान धरून एकेक घोट पाणी पाजलं. निम्मं पाणी आत्याच्या हनुवटीवरून ओघळत होतं.

“ओरडून ओरडून आवाज गेला,” आत्या कुजबुजली. “कोंबड्या तेवढ्या आल्या.”

“आत्या, मी रोज बघत होते. रोज सकाळी.”

“माहितीय. मीपण बघत होते. इथून दारातून दिसतं.” तिने डोळ्यांनीच वर खूण केली. जिन्याच्या चौकटीत आभाळाचा तुकडा होता आणि त्यात चकचकीत कडं. “वाटलं, हे मेलं थांबेल तर कोणीतरी येईल. थांबेचना. पूर्वी निदान दोरी होती, पहाटे सोडली नाही की लोकांना कळायचं. बाई गं, पडल्या पडल्या मी माउलीला एवढंच मागत होते, की हे चाक थांबव.”

स्ताथिस जिन्यात बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला, आणि आत्याच्या न्हाणीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं. त्या दारावर निजवून आणखी चौघांनी तिला घळीतून खांद्यावर आणलं. वाटेत धक्का बसला की ती त्यांच्या आयांचा उद्धार करत होती. ते ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. एक पोरगा धावत बंदरात निरोप देऊन आला होता, आणि तिथल्या दवाखान्याची बोट तिला घेऊन गेली.

*

अजून उजेड होता. वाडी स्ताथिसच्या अंगणात परतली तेव्हा प्रोकोपिस तिथे आलेला होता. राहिलेले जनरेटर न्यायचे होते त्याला. बातमी त्याला कळली होती आणि प्रवचनही तयार होतं.

“पडली, पण वाचली,” तो डोळे मिटून म्हणाला. “पडू कुणी दिलं? तिच्या शंकेनं. वाचवलं कुणी? माउलीनं.”

“वाचवलं माझ्या पोरीच्या साबणानं,” एर्मिओनी म्हणाली. “स्ताथिसकाका, तुमच्या पेटीचं झाकण काढते.”

“ते मेण…” स्ताथिस अडखळला. त्याने प्रोकोपिसकडे बघितलं, मग वर चाकाकडे. “काढ.”

“बाई, उघडलंत की गेलं,” प्रोकोपिस म्हणाला. आवाजातलं तूप जरा थिजलं होतं.

“बघू या काय जातं. काका, मागच्या हिवाळ्यात तुमच्या चाकाची तार बॅटरीपासून सुटली होती, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? चाक उधळलं होतं. भार नाही म्हटल्यावर वाऱ्यावर सुसाट सुटलं, दोरी बांधताना माझा अंगठा जायचा बाकी होता.”

“म्हणजे वाऱ्याने फिरणाऱ्या चाकाची तार काढली तर ते जोरात फिरतं. हे आता माउलीच्या श्वासावर फिरतंय म्हणतात. मग तार काढल्यावर हेही उधळायला हवं.”

“हवंच,” स्ताथिस म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

तिने मेण खरवडलं, झाकण काढलं, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत चाकाकडून आलेली तार बॅटरीवरून सोडवली.

चाक हळू झालं. एकेक पातं मोजता येऊ लागलं. मग एक पातं वर येता येता थांबलं, जरा मागे झुललं आणि स्थिर झालं. तिने तार परत टेकवली. चाक फिरू लागलं. काढली, थांबलं.

कोणीतरी सिगरेट विझवली.

“आता हे बघा.” तिने पेटीतला कापूस बाजूला केला. खाली तांब्याच्या तारेचा एक नवा तुकडा दोन टोकांवर पिळलेला होता. “इथे आपल्या माणसांनी एक छोटा डायोड बसवला होता. पाण्याच्या पाइपात एका बाजूनेच उघडणारी झडप असते ना, तसा. वीज चाकाकडून बॅटरीत जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. यांनी त्याच्या बाजूने ही तार टाकून झडप कायमची उघडी ठेवली. कापूस तार झाकायला, आणि मेण तुम्ही बघू नये म्हणून. बॅटरी चाकाला फिरवतेय. आपणच मिळवलेली वीज खर्चून आपण पंखा फिरवत बसलो होतो, आणि त्याच्याखाली मेणबत्ती लावून.”

“तुमच्याकडेही मेणबत्ती?” नळावरची एक बाई दुसरीला म्हणाली.

“तुमच्याकडेही?”

“बघता बघता मेणबत्त्यांची पेटी संपली माझी.”

“अरे, सगळ्यांकडेच?” स्ताथिस म्हणाला, आणि अंगणभर माना हलल्या. इतके दिवस जो तो आपल्या एकट्याच्या पापात बसला होता.

प्रोकोपिसने शेवटचा डाव टाकला. “पण कडं खरं आहे असं याच बाई म्हणाल्या. याच अंगणात. आता सांगा, तेव्हा खोटं बोललात की आता?”

“कडं खरंच आहे,” एर्मिओनी म्हणाली. या वेळी आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. “एका खऱ्या गोष्टीच्या आड तुम्ही खोटी लपवलीत. मला खरी ओळखीची वाटली, म्हणून मी दुसरीकडे बघितलं नाही. ते माझं चुकलं. पण कड्याचा गुण त्याच्या आकारात आहे. तुमच्या स्वप्नात नाही, त्या नवसाच्या पत्र्यातही नाही. कुणीही बनवलं तरी ते तेवढंच चालेल. आणि वारा नसेल तर कुणीही बनवलेलं असलं तरी चालणार नाही.”

“आमचे जनरेटर कुठल्या समुद्रात आहेत?” पाद्रीबुवांनी शांतपणे विचारलं. मिर्तो अजून त्यांच्या मांडीवर होती. “म्हणजे, बंदर पोलिसांना सांगायला बरं. मघाशी दवाखान्याच्या बोटीबरोबर निरोप धाडला होता मी, ते खालीच उभे आहेत, तुमच्या बोटीपाशी.”

समुद्र निघाला शेजारच्या बेटावरच्या एका गोदामात. तिथे माउलीला अर्पण झालेले बरेच जनरेटर धुऊनपुसून, किमतीच्या चिठ्ठ्या लावून रांगेत मांडलेले होते.

*

दुसऱ्या दिवशी स्ताथिस कुऱ्हाड घेऊन खांबावर चढायला निघाला. कडी फोडायची होती त्याला. एर्मिओनीने अडवलं. “वारा येऊ द्या,” म्हणाली. आणि वारा आलाच, आधी हलकासा, धूर जरा तिरपा करण्यापुरता. तिने स्ताथिसच्या चाकाचं कडं ठेवलं आणि आपल्या चाकाचं काढलं, डायोडच्या झडपा पूर्ववत केल्या, आणि दोन्हींना सारखाच दिवा जोडला. कड्याचा दिवा आधी लागला, आणि तेजही त्याचंच जास्त. मग तिने कडं आपल्या चाकावर बसवलं आणि स्ताथिसचं उघडं ठेवलं. आता तिचा आधी लागला.

“म्हणजे माउली घर बदलते,” पाद्रीबुवा म्हणाले.

“कडं घर बदलतं, पाद्रीबुवा.”

“तेच म्हणतोय मी.”

आता व्रिसाकीतली कडी व्रिसाकीतच बनतात, वेत आणि पातळ पत्रा घेऊन, अंगणात गप्पा मारत. मोठं वादळ यायचं असलं की ती उतरवून ठेवतात. कारण तेवढ्या वाऱ्यात तेच कडं शिडासारखं फुगून खांब आडवा करू शकतं. हेही एर्मिओनीने खडूने काढून दाखवलं, आणि या वेळी शेवटपर्यंत बोलली. दोऱ्या पुन्हा बांधल्या गेल्या.

हिवाळ्यात ग्लिकेरिया आत्या काठी टेकत घरी आली. पहिल्याच सकाळी दारावर थाप पडली. एर्मिओनी आणि मिर्तो.

“चाक दिसलं नाही का?” आत्या आतून ओरडली.

“दिसलं,” एर्मिओनी म्हणाली. “दार उघडा.”

आता वाडीतलं कोणी ना कोणी रोज पलीकडे जातं, वारा असो वा नसो, आणि चीज नाहीतर बोलणी खाऊन परत येतं.

व्रिसाकीच्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्यांना हातचलाखीने फसवलं ते एका लबाडाने. पण त्याच्याही आधी एक सवय होती. समोर काहीतरी फिरताना दिसलं की माणूस बरा आहे, असं धरून चालायची. कोणी चमत्कार दाखवायला आला तर त्याला तार काढून दाखवायला सांगा. ती काढू देत नसेल तर उत्तर मिळालं समजा. आणि तुमच्याही ओळखीत कोणी एकटं राहत असेल. रोज सकाळी त्यांच्याकडून फोनवर फुलांचं चित्र येत असेल, आणि ते बघून तुम्ही मान हलवून कामाला लागत असाल. ते चाक आहे. आज वाट वाकडी करा, जिना चढा, दार वाजवा. आणि ते आतून स्वतः उघडेपर्यंत तिथेच थांबा.